फ्री थ्रो : हक्काचा एक गुण

फ्री थ्रो ही फाउलची भरपाई असते. खेळ थांबतो, पंच चेंडू हातात देतो आणि बोर्डापासून ४.६ मीटरवर आखलेल्या रेषेमागे उभे राहून खेळाडूने तो पाच सेकंदांच्या आत रिंगकडे टाकायचा असतो. चेंडू रिंगला लागेपर्यंत रेष ओलांडायची नाही, टाकण्याची नुसती हूल द्यायची नाही. बास्केट झाली तर गुण एकच. शूट करताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही तर दोन थ्रो मिळतात, तीन गुणांच्या रेषेबाहेरून शूट करताना झाला असेल तर तीन. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले की पुढे साध्या फाउललाही दोन थ्रो द्यावे लागतात. शालेय सामन्यात हे चार फाउल फार लवकर भरतात, कारण बचाव कसा करायचा हे मुलांना शूटिंगच्या बरेच नंतर उमगते.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ बसवला तेव्हा त्यात फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की प्रतिस्पर्ध्याच्या नावावर सरळ एक गोल मांडला जाई. थ्रोची सवलत थोड्याच काळात आली, तीही आधी २० फुटांवरून. १८९५ च्या सुमारास रेष १५ फुटांवर आली आणि आजतागायत तिथेच आहे. भारतात हा खेळ वायएमसीएने आणला. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले, १९३४ मध्ये दिल्लीला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. महाराष्ट्रात मुंबईचे नागपाडा, पुणे आणि नागपूर ही या खेळाची जुनी ठाणी.

बीड जिल्ह्यात बास्केटबॉल हा काही पहिल्या पसंतीचा खेळ नाही. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची ओळख कबड्डीची आणि धावण्याची. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले, तर बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. बास्केटबॉल म्हणजे उंच मुलांचा खेळ, अशी समजूत असल्यामुळे बेताच्या उंचीची मुले त्याच्या वाटेला जात नाहीत. रिबाउंडपुरती ही समजूत खरी आहे. फ्री थ्रोला मात्र ती लागू पडत नाही. पाच फुटांच्या मुलाला आणि सहा फुटांच्या मुलाला तिथे सारखाच निवांतपणा मिळतो, आणि नवख्या संघाला गुण वाढवायचे असतील तर कमी खर्चात ते वाढवण्याची जागा हीच. त्यासाठी नवे कोर्ट लागत नाही की नवे खेळाडू लागत नाहीत. लागतो तो नीट बेतलेला सराव.

चेंडूला किती जागा मिळते

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर. मुलांच्या सात नंबरच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर, मुलींच्या सहा नंबरचा २३ च्या आसपास. म्हणजे चेंडू सरळ वरून पडला तर त्याच्याभोवती भरपूर जागा उरते. पण फ्री थ्रोचा चेंडू वरून पडत नाही, तिरका येतो, आणि तिरक्या येणाऱ्या चेंडूला रिंग अरुंद होत जाते. ताटाकडे डोळे जमिनीलगत नेऊन पाहिले तर ते चपटे दिसते, तसेच हे. ४५ अंशांनी येणाऱ्या चेंडूला रिंगचे तोंड सुमारे ३२ सेंटिमीटरच मिळते. ३० अंशांनी आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी. त्यामुळे सुमारे ३२ अंशांपेक्षा सपाट आलेला सात नंबरचा चेंडू रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही. ‘चेंडू वर काढ’ असे क्रीडाशिक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगतात, त्यामागे हा साधा हिशेब आहे.

मग चेंडू किती वर काढायचा? फार वर काढला तर जोर जास्त लागतो, आणि जोर वाढला की हात आणि अंदाज दोन्ही चुकतात. कमीत कमी जोरात रिंगपर्यंत पोहोचण्याचा कोन गणिताने काढता येतो. रिंगचा मध्य रेषेपासून आडव्या अंतरात सुमारे ४.२ मीटरवर असतो. अकरावी-बारावीच्या मुलाच्या हातून चेंडू २.१ मीटर उंचीवर सुटतो असे धरले, तर हा कोन साधारण ५१ अंश येतो आणि चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ७.२ मीटर लागतो. सहावीतल्या मुलाच्या हातून चेंडू १.६ मीटरवर सुटत असेल तर त्याला साडेचोपन्न अंश आणि ७.६ मीटर वेग हवा. फरक दिसायला किरकोळ आहे, पण त्या वेगासाठी चेंडूला सुमारे बारा टक्के जास्त ऊर्जा द्यावी लागते, तीही मोठ्या मुलापेक्षा निम्म्या ताकदीच्या दंडांनी. लहान मुलाने थ्रो खांद्यावरून ढकलला किंवा उडी मारून टाकला, तर तो आळस नसतो. त्याच्या अंगात तेवढा जोर अजून आलेला नसतो, इतकेच.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात चाऊ ट्रान आणि लॅरी सिल्व्हरबर्ग यांनी संगणकावर लाखो थ्रो तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. सुटतानाचा कोन ५२ अंशांच्या आसपास, चेंडूला सेकंदाला तीन उलट्या गिरक्या, आणि नेम रिंगच्या बरोबर मध्यावर न धरता त्याच्या थोडा मागे, सुमारे सात सेंटिमीटर पलीकडे. उलटी गिरकी महत्त्वाची, कारण असा चेंडू मागच्या कडीला किंवा बोर्डाला लागला तर खाली आणि आत वळतो. गिरकी नसलेला बाहेर उसळतो. चेंडू हवेत जेमतेम एक सेकंद असतो, म्हणजे या प्रवासात तीन गिरक्या. चेंडूवर खडूने एक जाड पट्टा ओढला की त्या मोजता येतात आणि पट्टा डगमगत गेला तर बोटे सरळ सुटली नाहीत हेही समजते. कॅमेऱ्याची गरज पडत नाही.

मैदान आधी तपासावे

जिल्हा क्रीडा संकुल आणि काही महाविद्यालये सोडली तर बहुतेक मुलांचा सराव उघड्यावर, सिमेंटच्या कोर्टावर किंवा नुसत्या मातीत रोवलेल्या खांबावर होतो. सराव सुरू करण्याआधी टेप घेऊन तीन मापे घ्यावीत: रिंगची उंची, बोर्डापासून रेषेचे अंतर आणि रिंगचा उतार. रिंगला लटकण्याची हौस जिथे जिथे आहे तिथे ती पुढे झुकलेली सापडते. अशा रिंगवर महिनाभर कमावलेला हात स्पर्धेच्या कोर्टावर फसतो, आणि दोष मात्र मुलाच्या ‘टेन्शन’ला दिला जातो. नेट नसेल तर साध्या दोरीची विणून लावावी. नेटमधून चेंडू कसा सुटला यावरून तो मध्ये पडला की कडेला, हे टाकणाऱ्याला कळते, आणि नेट नसल्यावर चेंडू दूर पळतो तो आणण्यात वेळ जातो.

वाऱ्याचा प्रश्न वेगळा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. नेमक्या त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा जोरात असतो. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या राहिलेल्या नाहीत. अशा वाऱ्यात दिवसभराचे आकडे मुलाच्या कौशल्याबद्दल फारसे काही सांगत नाहीत. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना मोजणीचे थ्रो घ्यावेत आणि वाऱ्यातले थ्रो सरावापुरते ठेवावेत. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हाही सकाळच बरी. घामेजलेल्या हातातून आणि गुळगुळीत झालेल्या चेंडूवरून बोटे निसटतात. हात पुसायला खिशात फडके असावे.

हात, कोपर, बोटे

उजवा हात असलेल्या मुलाने उजवे पाऊल अर्धी वीत पुढे ठेवावे आणि त्याचा अंगठा रिंगच्या मध्याकडे धरावा. गुडघे थोडे वाकवायचे, कारण जोर पायांतून येतो. चेंडू तळहातावर बसवायचा नाही. तो बोटांच्या पेरांवर आणि अंगठ्याच्या उंचवट्यावर पेलायचा, तळव्याखालून उजेड दिसला पाहिजे. तर्जनी आणि मधले बोट चेंडूच्या शिवणीवर आडवे पडावे, म्हणजे दरवेळी पकड तीच राहते. डावा हात चेंडूच्या बाजूला नुसता टेकलेला. तो चेंडू सांभाळतो, फेकत नाही. कोपर रिंगच्या दिशेत, बाहेर फाकलेले नको. गुडघे सरळ होऊ लागले की हात उलगडत जातो, शेवटी मनगट पुढे मोडते आणि चेंडू तर्जनी व मधल्या बोटावरून सुटतो. चेंडू रिंगला लागेपर्यंत हात तसाच वर.

नवशिक्यांत दोन खोडी हमखास दिसतात. पहिली, डाव्या हाताचा अंगठा नकळत धक्का देतो आणि चेंडू उजवीकडे जातो. यावर सोपा उपाय म्हणजे रिंगपासून दीड मीटरवर उभे राहून एकाच हाताने टाकणे, दुसरा हात पाठीमागे. दुसरी, पाय आणि हात यांचा मेळ बसत नाही: गुडघे सरळ होऊन थांबतात आणि मग हात निघतो. असा थ्रो नेहमी आखूड पडतो. त्याला ‘जोर लाव’ म्हणून काही होत नाही. अंतर कमी करून एकसंध हालचाल बसवावी लागते आणि मग अर्ध्या-अर्ध्या मीटरने मागे सरकावे लागते.

बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांचे माप देऊच नये. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर, रेष ४ मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा असतो, तो याचसाठी. एवढा वेगळा खांब उभारणे शाळेला जमले नाही तरी पाच नंबरचा चेंडू आणि जवळची रेष यांना खर्च येत नाही.

खालून, दोन्ही हातांनी टाकायचा थ्रोही एक रीत आहे. अमेरिकी खेळाडू रिक बॅरी यांनी तो आयुष्यभर टाकला आणि तिथल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये दहापैकी नऊ बास्केट केल्या. त्याच लीगमधले विल्ट चेंबरलेन एरवी या बाबतीत दुबळे, पण २ मार्च १९६२ रोजी त्यांनी एका सामन्यात १०० गुण केले तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो आत गेले होते, आणि त्या हंगामात ते खालूनच टाकत होते. पुढे लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी ती रीत सोडली आणि आकडे पुन्हा घसरले. शाळेच्या मैदानावर तर हसे होण्याची भीती फारच मोठी. तरीही मनगटाला जोर नसलेल्या मुलाला ही रीत करून पाहू द्यायला हरकत नाही.

एका दमात शंभर नकोत

फ्री थ्रोचा सराव म्हटला की डोळ्यांपुढे एकच चित्र येते: मूल रेषेवर उभे आहे, दुसरे चेंडू परत देते आहे आणि एका दमात पन्नास किंवा शंभर थ्रो चालले आहेत. तंत्र शिकण्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे चालेल. नंतर ते दिशाभूल करते. विसाव्या थ्रोपर्यंत हाताला अंतर सापडलेले असते आणि पुढचे ऐंशी थ्रो म्हणजे आधीच्या थ्रोची थोडीफार दुरुस्ती. सामन्यात अशी दुरुस्ती करायला संधी नसते. तिथे धावून आल्यावर, बऱ्याच वेळाने, दोनच थ्रो मिळतात आणि पहिलाच थ्रो मोलाचा असतो. म्हणून सरावही दोन-दोनचाच हवा: दोन थ्रो, मग कोर्टाच्या टोकापर्यंत जाऊन येणारी धाव किंवा लेअप, मग पुन्हा दोन.

साधनांच्या दृष्टीनेही हेच परवडते. एका कोर्टाला दोन रिंग, संघात बारा मुले आणि पीटीच्या तासातली वीस मिनिटे फ्री थ्रोसाठी मिळाली, असे धरू. चेंडू परत येण्यासकट एका थ्रोला पंधरा सेकंद लागतात, म्हणजे एका रिंगवर ऐंशी आणि दोन्ही मिळून १६० थ्रो. वाट्याला तेरा येतात. त्यातला एक सोडून सहा जोड्या केल्या की आठ-नऊ दिवसांत प्रत्येकाचे शंभर थ्रो होतात, आणि तेही सामन्यासारखे. चेंडू दोनच आहेत म्हणून सराव होत नाही, ही सबब मग उरत नाही. रांगेत उभे राहणारी दहा मुले त्या वेळात धावत असतात.

अंतर बदलून सराव करावा की कायम रेषेवरूनच, यावर मात्र मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये लहान मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. आठ वर्षांच्या ज्या मुलांनी दोन आणि चार फुटांवरून सराव केला, ती तीन फुटांच्या परीक्षेत कायम तीन फुटांवरून सराव केलेल्या मुलांना सरस ठरली. याउलट २००५ मध्ये कीच, श्मिट आणि सहकाऱ्यांनी अनुभवी बास्केटबॉलपटूंची वेगवेगळ्या अंतरांवरची अचूकता मोजली, तेव्हा नेमक्या फ्री थ्रोच्या रेषेवर ती जवळच्या इतर अंतरांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा वर निघाली. हजारो थ्रो एकाच जागेवरून टाकल्याने ती जागा अंगवळणी पडली होती. शाळेच्या खेळाडूला हजारो थ्रो अजून टाकायचे आहेत. त्यामुळे शिकण्याच्या काळात साडेतीन, चार आणि पाच मीटर अशी अंतरे फिरवावीत आणि स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे रेष सोडू नये, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

मुलाला काय सांगावे आणि त्याने कुठे पाहावे

‘मनगट मोड’, ‘कोपर आत घे’ अशा सूचना शिकताना लागतातच, पण त्या फार काळ चालू ठेवल्या तर उलट परिणाम होतो. झॅक्री, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्नायूंतले विद्युत संकेत मोजत फ्री थ्रो टाकायला लावले. मनगटाकडे लक्ष द्यायला सांगितले तेव्हापेक्षा रिंगकडे लक्ष द्यायला सांगितले तेव्हा नेम चांगला लागला आणि स्नायूंची धडपडही कमी झाली. शरीराला परिणाम सांगितला की हालचाल ते आपली जुळवून घेते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ‘मागच्या कडीच्या आत टाक’ एवढेच सांगावे.

नजरेचे तर त्याहून मोठे काम आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण लावून पाहिले, तेव्हा कसलेल्या खेळाडूंची नजर थ्रोची हालचाल सुरू होण्याआधी रिंगच्या एकाच जागी सुमारे एक सेकंद थांबते असे दिसले. कच्च्या खेळाडूंची नजर रिंग, बोर्ड, नेट अशी भिरभिरत राहते. याला त्यांनी ‘शांत नजर’ असे नाव दिले. २००१ मध्ये हार्ल आणि विकर्स यांनी विद्यापीठाच्या एका महिला संघाला ही सवय लावली, तेव्हा दोन हंगामांत संघाची फ्री थ्रोची टक्केवारी ५४ वरून ७६ च्या पुढे गेली. पद्धत कोणत्याही शाळेत जमण्यासारखी आहे: रेषेवर उभे राहून चेंडू तीनदा जमिनीवर आपटायचा, चेंडू हातात स्थिर धरून कडीवरची एकच जागा निवडायची, तिच्यावर साधारण सेकंदभर नजर रोखायची आणि मग न रेंगाळता टाकायचे. कडीवर रंगाचा एक ठिपका दिला तर सुरुवातीला मदत होते, पण स्पर्धेत तो ठिपका नसतो. चार-सहा दिवसांनी तो पुसावा.

ठरलेली उजळणी म्हणजे थ्रोआधीचा नेहमीचा क्रम. टॉम ॲम्बेरी यांनी तो टोकाला नेला होता. पायांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी १९९३ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, लागोपाठ २,७५० फ्री थ्रो आत टाकले. दरवेळी तीच उभे राहण्याची रीत, तेच तीन टप्पे, तीच पकड. एनबीएतल्या खेळाडूंवरच्या २००८ च्या एका अभ्यासातही आपला नेहमीचा क्रम पाळल्यावर सुमारे ८४ टक्के आणि क्रम मोडल्यावर सुमारे ७१ टक्के थ्रो आत गेल्याचे आढळले. क्रम कोणता हे महत्त्वाचे नाही. कोणी दोन टप्पे देईल, कोणी खोल श्वास सोडेल. तो पाच सेकंदांत बसला पाहिजे, एवढी एकच अट. शालेय मुले टीव्हीवर पाहून लांबलचक क्रम उचलतात. एनबीएत दहा सेकंद मिळतात, आपल्याकडे पाच, हे त्यांना आधीच सांगावे.

थकवा आणि दडपण

दमलेल्या खेळाडूचा थ्रो आखूड पडतो, कारण पाय आधी हार मानतात. हे सरावातच कळले तर तो गुडघे अधिक वाकवायला शिकतो. दोन-दोन थ्रोंच्या मध्ये धाव ठेवण्याचे हे दुसरे कारण. धावण्याची परंपरा असलेल्या जिल्ह्यात या बाबतीत मुलांना फार शिकवावे लागणार नाही.

दडपणाचा सराव मात्र मुद्दाम घडवून आणावा लागतो. सगळा संघ रेषेभोवती उभा करावा, एकाला दोन थ्रो द्यावेत, आणि चुकला तर सगळ्यांना एक फेरी. शिक्षेचा अतिरेक झाला तर मूल रेषेवर यायलाच घाबरते, तेव्हा हे आठवड्यातून एकदा पुरे. आरडाओरडा करणारे प्रेक्षक शाळेत फुकट मिळतात. मधल्या सुट्टीत हा खेळ लावला की गोंगाटाची सोय आपोआप होते.

मानसिक सरावाबद्दल एक गोष्ट व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून सतत फिरते: तीन गट केले, एकाने खरा सराव केला, एकाने नुसती कल्पना केली, एकाने काहीच केले नाही, आणि कल्पना करणारा गट खऱ्या सराववाल्यांच्या जवळपास बरोबरीला आला. ती ज्या विद्यापीठाच्या नावावर खपवली जाते तिथला मूळ अहवाल कोणी दाखवत नाही. खरा अभ्यास आहे तो व्हर्डेल क्लार्क यांचा, १९६० चा, माध्यमिक शाळेतल्या १४४ मुलांवर केलेला. त्यात शाळेच्या संघात खेळणाऱ्या मुलांना कल्पनेतल्या सरावाचा जवळजवळ खऱ्या सरावाइतका फायदा झाला. नवशिक्यांना तो बराच कमी झाला. ज्याच्या अंगात हालचाल आहे त्यालाच ती डोळे मिटून आठवता येते. व्याख्यानांत गळतो तो नेमका हाच भाग.

मोजणी

दहा थ्रोंवरून कोणाची परीक्षा घेऊ नये. ज्याची खरी पात्रता ७० टक्के आहे, अशा मुलाला दहा थ्रोंत कधी पाच मिळतील, कधी नऊ, आणि दोन्ही वेळा तो तोच मुलगा असेल. शंभर थ्रोंत त्याचा आकडा बहुतेक वेळा ६१ ते ७९ च्या दरम्यान येईल. म्हणजे आठ-नऊ दिवसांच्या शंभर थ्रोंतही चार-पाच टक्क्यांची वाढ ही वाढ असेलच असे नाही. बी.पी.एड. आणि एम.पी.एड.चे प्रबंध सहा आठवड्यांचा कार्यक्रम घेऊन प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट करतात, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतात. रचना योग्य असते. चाचणी दहा-वीस थ्रोंची असेल तर मात्र निष्कर्ष नशिबावर अवलंबून राहतो. उत्तरचाचणी कार्यक्रम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतली तर ताजेपणा मोजला जातो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घेतलेली चाचणी जे टिकले ते दाखवते.

यासाठी लागते एक साधी वही. एका ओळीत तारीख, वारा होता की नाही, आणि दोन-दोन थ्रोंच्या जोड्यांपुढे बरोबर किंवा फुली. चुकलेला थ्रो कुठे गेला, आखूड, लांब, डावीकडे की उजवीकडे, यासाठी एक अक्षर. आखूड आणि लांब हे जोराचे दोष, डावे-उजवे हे कोपर आणि अंगठ्याचे. महिन्याभराची पाने उलटली की कोणत्या मुलावर कशाचे काम करायचे ते तिथेच दिसते. पहिल्या थ्रोचा आणि दुसऱ्या थ्रोचा हिशेब वेगळा काढावा. दुसरा बराच चांगला असेल तर मुलाचा हात तयार आहे, रेषेवर येतानाची तयारी कच्ची आहे, आणि त्याला थ्रोपेक्षा उजळणीचा सराव द्यायला हवा.

ऊसतोडीचा हंगाम

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही शालेय प्रशिक्षणाला दसरा-दिवाळीच्या आगेमागे खंड पडतो. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ गावी राहतात. संघातली दोन-चार नावे अशा वेळी एकदम कमी होतात. मोठ्या शहरांतल्या पुस्तकांतले बारा महिन्यांचे वेळापत्रक इथे लागू पडत नाही.

म्हणून वर्षाचे दोन भाग करावे लागतात. जूनच्या मध्यापासून सहा-आठ आठवडे तंत्र आणि जवळच्या अंतरावरचे थ्रो, नंतर स्पर्धा होईपर्यंत रेषेवरचे दोन-दोन. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत जो संघ टिकला तो विभागाकडे जातो. बाकीच्यांचा हंगाम तिथेच संपतो, आणि बहुतेक शाळांत चेंडूही कपाटात जातो. तो जाऊ देऊ नये. गावी राहिलेल्यांना आठवड्यातून दोन दिवस प्रत्येकी वीस थ्रो एवढेही पुरते. स्थलांतर करणाऱ्या मुलांजवळ चेंडू नसतो, कोर्ट नसते. पण भिंत सापडली तर कोणताही चेंडू, अगदी रबरी, एका हाताने डोक्याच्या वर ठरलेल्या खुणेवर टाकून मनगट आणि बोटे जागी ठेवता येतात. आणि जुन्या खेळाडूंना, क्लार्क यांच्या निष्कर्षाप्रमाणे, रोज पाच मिनिटे डोळे मिटून आपली उजळणी करण्याचाही उपयोग होतो. नवशिक्यांना ते सांगण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये परतलेल्या मुलाची लगेच परीक्षा घेऊ नये. आधी चार-पाच दिवस जवळून थ्रो द्यावेत, मग सकाळच्या गारव्यात तीन दिवसांत मिळून शंभर मोजावेत आणि हा आकडा निघण्याआधी ऑक्टोबरमध्ये काढलेल्या आकड्याशेजारी लिहावा. दोन्हींतली तफावत दहा टक्क्यांच्या आत असेल तर तंत्र टिकले असे समजून जूनमध्ये थेट अंतरे फिरवण्यापासून सुरुवात करता येते. त्याहून जास्त असेल तर एका हाताचे थ्रो, दीड मीटरवरून.